जुन्या प्रोसेसरचा राखीव दम

वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट सुती फडक्याने पुसून काढली की खालचं धातूचं झाकण लख्ख होतं आणि त्यावर कोरलेली अक्षरं वाचता येतात. हे पुस्तक लिहिताना जो प्रोसेसर सगळ्यात जास्त दिवस माझ्या टेबलावर होता, त्याच्यावर लिहिलं आहे: आय-फाइव्ह २५००के, ३.३० गिगाहर्ट्झ. सेकंदाला ३३० कोटी ठोके. जानेवारी २०११ मध्ये हा प्रोसेसर बाजारात आला. चार कोअर, ३२ नॅनोमीटरची बांधणी, ९५ वॅटचं रेटिंग. आज कुणी तो नवा विकत घेत नाही. एखाद्या ऑफिसने काढून टाकलेल्या मशीनमध्ये, मोठ्या भावाने मागे ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या मालात तो सापडतो.

३.३० हा आकडा पाहून बहुतेकांना वाटतं की सिलिकॉनच्या त्या तुकड्याची ताकद तिथे संपते. खरं तर तो कंपनीने दिलेला शब्द असतो. कारखान्यातून लाखो तुकडे बाहेर पडतात. त्यांतला जेमतेम पास झालेला तुकडा घेतला, कोंदट कॅबिनेटात खोक्यातल्या साध्या फॅनखाली बसवला, वीज थोडी वरखाली होत राहिली आणि वर्षानुवर्षं त्याला तसाच राबवला, तरीही एवढा वेग मिळेल, असा तो शब्द. इतके वाईट दिवस गृहीत धरले की बऱ्या दिवसांसाठी पुष्कळ काही शिल्लक राहतं. त्या शिलकीला हात घालणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

मला जे सांगायचं आहे ते थोडक्यात असं: शिल्लक खर्च करण्याआधी ती मोजावी लागते, आणि ज्याच्या खिशात पैसे कमी आहेत त्याने ती दोनदा मोजावी. ‘कमी खर्चात ओव्हरक्लॉकिंग’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जुगाड येतो. उघडं कॅबिनेट, समोर टेबलफॅन, आणि व्होल्टेजचा आकडा अंदाजाने चढवलेला. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. ज्याला जळालेला मदरबोर्ड पुन्हा घेणं परवडतं, त्याला घाई परवडते. आपल्याला परवडत नाही, म्हणून आपण पायरीपायरीने जायचं, प्रत्येक पायरीला तापमान लिहून ठेवायचं आणि पुढची पायरी दिसत असली तरी थांबायला शिकायचं. काटकसर आणि सुरक्षितता इथे एकाच वाटेने चालतात.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये नक्की काय घडतं, हे आधी समजून घेऊ. प्रोसेसरमध्ये प्रत्येक ठोक्याला संकेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघतो आणि पुढचा ठोका पडायच्या आत त्याने पोचलं पाहिजे. लग्नाच्या पंगतीत भात वाढणारा शेवटच्या पानापर्यंत पोचायच्या आत तूपवाला निघून गेला, तर शेवटची दोन-चार पानं तुपाशिवाय राहतात. ठोके फार जवळजवळ पडायला लागले की प्रोसेसरमध्ये हेच होतं. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर उघडतात-मिटतात, म्हणजे वाढप्यांचे पाय उचलतात, आणि वेग सांभाळला जातो. पण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. ती सरळ प्रमाणात वाढत नाही. वीज ठोक्यांच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. ३.३ वरून ४.४ गिगाहर्ट्झवर गेलो आणि त्यासाठी १.२० व्होल्टचे १.३५ करावे लागले, तर वेग एक तृतीयांशाने वाढला, पण वीज आणि उष्णता जवळजवळ ७० टक्क्यांनी. या पुस्तकातली पुढची सगळी सावधगिरी या एका गुणाकारातून निघते. तो कागदावर एकदा स्वतः करून पाहावा, एवढी विनंती.

ठोक्यांशी हा खेळ घरगुती संगणकाइतकाच जुना आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झने चाले. १९८४ मध्ये आयबीएमचं एटी हे मॉडेल ६ मेगाहर्ट्झच्या ८०२८६ वर आलं. त्याच्या बोर्डावरचा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सॉकेटमध्ये नुसता बसवलेला होता. तो काढून १६ मेगाहर्ट्झचा लावला की मशीन ८ मेगाहर्ट्झने धावे. हा उद्योग इतका पसरला की आयबीएमने पुढच्या बायोसमध्ये वेग तपासणारी अटच घातली. गिऱ्हाइकाने सोपी वाट शोधायची आणि कंपनीने ती बुजवायची, ही ओढाताण तिथून सुरू झाली ती आजतागायत चालू आहे.

नव्वदच्या दशकात क्रिस्टलची जागा जंपरने घेतली. मदरबोर्डवरच्या दोन-तीन पिनांवरची प्लास्टिकची टोपी हलवली की बसचा वेग किंवा गुणक बदले. (बस म्हणजे प्रोसेसरला बोर्डवरच्या बाकीच्या भागांशी जोडणारा रस्ता. गुणक म्हणजे बसच्या एका ठोक्यामागे प्रोसेसरने किती ठोके टाकायचे तो आकडा.) त्याच काळात काही व्यापाऱ्यांनी मंद प्रोसेसरवरचा आकडा खोडून वरचा आकडा छापायला आणि चढ्या भावाने विकायला सुरुवात केली. इंटेलने गुणकाला कुलूप लावलं त्यामागे हे एक मोठं कारण होतं. हौशी माणसाला त्या कुलपाचा राग येतो, मलाही येत असे. पण त्या काळी फसवला गेलेला ग्राहकही आपल्यातलाच होता, हे विसरून चालणार नाही.

मग १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए आला. या विषयाचा इतिहास सांगताना इथे थांबावंच लागतं. ६६ मेगाहर्ट्झची बस, साडेचारचा गुणक, म्हणून ३०० मेगाहर्ट्झ. गुणक कुलूपबंद होता, पण ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर बस १०० मेगाहर्ट्झला नेता येत होती, आणि ती नेली की हाच स्वस्त प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने चाले. बहुतेक तुकडे व्होल्टेज फारसं न वाढवता ही उडी घेत. त्याच्या पोटातली १२८ किलोबाइटची कॅश प्रोसेसरच्याच वेगाने धावायची, त्यामुळे कितीतरी महाग असलेल्या पेंटियम टूच्या तो बरोबरीला येई. हे घडलं कसं? कारखान्यात चांगले तुकडे जास्त निघत होते आणि बाजारात मागणी स्वस्त मालाला होती. मग चांगल्या तुकड्यांवरही स्वस्त आकडा छापला गेला. आकडा नेहमी ताकदीवरून ठरतो असं नाही, पुष्कळदा तो मागणीवरून ठरतो, हे हजारो लोकांना या एका प्रोसेसरने शिकवलं. आजही जुना प्रोसेसर निवडताना मी पहिल्यांदा हेच पाहतो की तो त्याच्या पिढीत नाइलाजाने खालच्या पायरीवर गेला होता की सोयीने ठेवला गेला होता.

२००० च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनवर शिसपेन्सिल चालली. प्रोसेसरच्या पाठीवरचे तोडलेले बारीक पूल ग्रॅफाइटच्या रेघेने पुन्हा जोडले की गुणकाचं कुलूप उघडायचं. त्यानंतरचा बार्टन २५००+ हा १६६ च्या बसवरून २०० वर नेला की ११ च्या त्याच गुणकाने थेट ३२००+ च्या वेगाला, २.२ गिगाहर्ट्झला, पोचायचा. हे सगळं सुखाचं चाललेलं असताना पेंटियम फोरच्या नॉर्थवुड पिढीने एक कटू धडा दिला. दीड व्होल्टच्या या प्रोसेसरला लोकांनी १.७ च्या वर नेलं. मशीन सुरू होत होतं, तापमानही आटोक्यात होतं. आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत प्रोसेसर अचानक कायमचे बंद पडू लागले. बारीक तारांमधून जास्त प्रवाह सतत वाहिला की धातूचे अणू हळूहळू सरकतात आणि तार आतून झिजते. हे शास्त्राला १९६० च्या दशकापासून ठाऊक होतं, हौशी लोकांना तेव्हा नव्याने कळलं. थंड आहे म्हणजे सुरक्षित आहे, हा समज तेव्हापासून माझ्या लेखी संपला. तापमानाची मर्यादा वेगळी, व्होल्टेजची मर्यादा वेगळी, आणि दोन्ही पाळायच्या असतात.

कोअर टूच्या काळात, २००६-०७ मध्ये, बस वाढवण्याची कला शिखराला पोचली. क्यू६६०० हा चार कोअरचा प्रोसेसर २६६ गुणिले ९ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा. बस ३३३ केली की बरोबर ३ गिगाहर्ट्झ. २०११ मध्ये सँडी ब्रिज आला आणि ही वाट जवळपास बंद झाली, कारण त्या पिढीत १०० मेगाहर्ट्झच्या एकाच घड्याळावर बाकीचे सगळे वेग बांधलेले आहेत. ते चार-पाच टक्क्यांपलीकडे हललं की डिस्कपासून सगळंच डळमळतं. त्याऐवजी इंटेलने ‘के’ अक्षराचे मोकळ्या गुणकाचे प्रोसेसर वेगळ्या भावाने विकायला काढले. पूर्वी शोधून काढावी लागणारी गोष्ट आता यादीत छापून आली. एएमडीच्या एफएक्स मालिकेत मात्र सगळेच प्रोसेसर मोकळे होते, आणि २०१७ पासून बहुतेक रायझनमध्येही तेच आहे. बोर्डचा चिपसेट मात्र त्याला परवानगी देणारा हवा.

एवढ्या वर्षांत या विद्येत चार-पाच पंथ तयार झाले. त्यांची ओळख असली की कुणाचा सल्ला आपल्या कामाचा आहे हे कळतं.

बस वाढवणारा पंथ सर्वात जुना. त्यात प्रोसेसरबरोबर मेमरी आणि बाकीचे भागही ओढले जातात, म्हणून चूक कुठे झाली हे शोधायला वेळ लागतो, पण संगणक आतून कसा बांधलेला असतो हे या पंथाइतकं कुणी शिकवत नाही. गुणक वाढवणाऱ्यांचं काम सोपं आणि स्वच्छ, नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. तिसरा पंथ हातोटीचा. पेन्सिलवाले त्यातलेच. बायोस परवानगी देत नाही म्हणून प्रोसेसरच्या एका संपर्कबिंदूवर टेपचा कपटा चिकटवून २६६ ची बस ३३३ करणारे, किंवा सर्व्हरसाठीचे ७७१ सॉकेटचे झिऑन दोन बिंदू अदलाबदल करणारं स्टिकर लावून आणि सॉकेटच्या खाचा तासून ७७५ च्या घरगुती बोर्डवर बसवणारे. या शेवटच्या युक्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. झिऑन ई५४५० हा ३ गिगाहर्ट्झचा, १२ मेगाबाइट कॅशचा चार कोअरचा प्रोसेसर मोडीत निघालेल्या सर्व्हरमधून येतो आणि जुन्या मशीनला नवं आयुष्य देतो, तेही मूळ वेगाला हात न लावता. बोर्डने तो ओळखायला हवा एवढीच अट.

विक्रमवीरांचा पंथ निराळा. त्यांच्याकडे उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन असतो, कधी द्रव हेलियम. २०११ मध्ये एफएक्स-८१५० अशाच थंडीत ८.४२९ गिगाहर्ट्झला पोचवला गेला. ते कौतुकाने पाहावं. त्यांचे व्होल्टेजचे आकडे मात्र घरच्या मशीनला लावू नयेत, कारण त्यांना प्रोसेसर काही मिनिटं जगवायचा असतो आणि आपल्याला काही वर्षं.

आणि शेवटचा, सगळ्यात कमी गाजलेला पंथ व्होल्टेज उतरवणाऱ्यांचा. वेग आहे तोच ठेवायचा किंवा थोडाच वाढवायचा आणि तो कमीत कमी किती व्होल्टवर टिकतो ते शोधायचं. मी वयाने आणि अनुभवाने हळूहळू या पंथाकडे सरकलो आहे, आणि ते या पुस्तकाच्या पानापानांत दिसेल.

सरकण्याचं कारण घडलेल्या एका नुकसानीत आहे. २००९ च्या हिवाळ्यात मी माझा क्यू६६०० बस ३७८ ला नेऊन ३.४ गिगाहर्ट्झवर बसवला. तासभर चाचणी केली, मशीन अडखळलं नाही, म्हणून काम झालं असं मानलं. तीन महिने त्यावर सगळं चाललं. त्याच काळात घरातल्या एका लग्नाचे फोटो मी झिप करून डिस्कवर ठेवले आणि कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं. उन्हाळ्यात ती फाइल उघडायला गेलो तर अर्ध्यात चूक दाखवून थांबली. जे फोटो निघाले त्यांतल्या काहींत वरचा भाग ठीक होता आणि खालचा नुसता करडा. आजीचा हळदीतला एकमेव फोटो त्यांत होता. तो परत मिळाला नाही. चूक पूर्णपणे माझी होती. एक बिट इकडचा तिकडे झाला तर मशीन ओरडून सांगत नाही. पान कोरडं राहिलं हे पंगत उठल्यावरच कळतं.

प्रोसेसर जळण्याची भीती सगळ्यांना असते. खरं तर आजचे, आणि पंधरा वर्षांपूर्वीचेही, प्रोसेसर फार तापले की स्वतःच वेग कमी करतात आणि त्यापुढे मशीन बंद करतात. गुपचूप बिघडणारी माहिती हा त्याहून मोठा धोका आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. माझ्याकडे शेजारच्या तालुक्यातून एक मुलगा त्याचं मशीन घेऊन आला होता. ४.७ गिगाहर्ट्झ, व्होल्टेज ‘ऑटो’वर. बोर्डने स्वतःच्या मनाने ते १.४५ पर्यंत चढवलं होतं. मी काळजी बोलून दाखवली तर म्हणाला, “सुरू तं होते ना काका, मंग काय प्रॉब्लेम हाय?” मी त्याला प्राइम९५ लावायला सांगितलं. हा कार्यक्रम १९९६ पासून प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी चालवला जातो, आणि त्याच्या चाचणीत उत्तरं आधीच ठाऊक असलेली गणितं प्रोसेसरकडून पुन्हापुन्हा करून घेतली जातात. उत्तर चुकलं की तो कोअर थांबतो. सहाव्या मिनिटाला त्याचा तिसरा कोअर थांबला. विंडोज चालूच होतं, गाणंही वाजत होतं. तो बराच वेळ त्या लाल ओळीकडे पाहत राहिला. मग आम्ही दोघांनी मिळून ४.३ वर, हाताने दिलेल्या १.२९ व्होल्टवर ते मशीन बसवलं आणि रात्रभर चालवलं. सकाळी चारही कोअर चालू होते.

अशा चाचणीत हवामानाचा भाग आपल्याकडे महत्त्वाचा आहे. या विषयावरचा बहुतेक मजकूर थंड देशांत, वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसून लिहिलेला असतो. हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही, तो फक्त खोलीशी असलेलं अंतर कमी करतो. अकोल्यात डिसेंबरात माझ्या खोलीत २१ अंश असतात, मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद असेल तर ३९. हाच २५००के, ४.४ गिगाहर्ट्झ, १.३२ व्होल्ट, तोच हीटसिंक: डिसेंबरात चाचणीखाली ६२ अंश, मेमध्ये ८१. खोली जितकी तापली तितका प्रोसेसर तापला, वर एक अंश आणखी. मी तो ४.२ वर आणि १.२६ व्होल्टवर उतरवला. वेग साडेचार टक्क्यांनी कमी झाला, उष्णता हिशेबाने तेरा टक्क्यांनी. वापरताना तो साडेचार टक्के फरक मला एकदाही जाणवलेला नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाने चाचणी उन्हाळ्यात करावी, आणि हिवाळ्यात केली असेल तर एप्रिलअखेर पुन्हा करावी. कोकणात आणि गोव्यात उन्हापेक्षा दमट हवा आणि खारा वारा त्रास देतात. तिथे धुळीचा थर ओलसर होऊन पंख्यांना आणि बोर्डला चिकटून बसतो, म्हणून साफसफाईचं वेळापत्रक निराळं ठेवावं लागतं.

विजेचंही तसंच. आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये सर्वात जास्त कंजुषी एसएमपीएसवर झालेली असते. वर ४५० वॅट छापलेलं असतं, हातात घेतलं तर खोकं हलकं लागतं, आणि प्रोसेसर ज्या १२ व्होल्टच्या तारांवर जगतो त्यांवर ओझं पडलं की व्होल्टेज खाली बसतं. अशा एसएमपीएसवर ओव्हरक्लॉकिंग करू नये, यावर माझ्याकडे कुठलीही तडजोड नाही. बोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तरी तिथेच थांबावं. खर्चाचा क्रम माझ्या दृष्टीने ठरलेला आहे. पहिले पैसे बऱ्या एसएमपीएसला. मग नवी थर्मल पेस्ट आणि चार हीटपाइपांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा हीटसिंक. मग कॅबिनेटमध्ये हवा आत-बाहेर नीट खेळेल याची सोय, ज्याला पुष्कळदा रंगाचा ब्रश आणि वायर बांधायच्या दोन पट्ट्या पुरतात. व्होल्टेजला हात सगळ्यात शेवटी.

आता हे सगळं आजच का? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मदत थांबली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. चांगली चालणारी असंख्य मशीन एका तारखेने म्हातारी ठरली. त्यांतली कितीतरी लिनक्सवर आणखी बरीच वर्षं काम देतील. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला पावभागही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. जे मशीन चालतं आहे ते चालतं ठेवणं हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

दुसरं कारण शिकण्याचं. २००८ पासून प्रोसेसर स्वतःच स्वतःला गरजेप्रमाणे वेगात नेऊ लागले, आणि दर पिढीत कारखान्याने ती शिल्लक आपणच वापरायला सुरुवात केली. २०२४ मध्ये इंटेलला आपल्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरबद्दल मान्य करावं लागलं की ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यामुळे कायमचे अस्थिर होत होते. मायक्रोकोडची दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. नॉर्थवुडच्या वेळी हौशी लोकांना मिळालेला धडा वीस वर्षांनी एका कारखान्याला मिळाला. नव्या प्रोसेसरमध्ये हाताने करण्यासारखं फार उरलेलं नाही. वेग, व्होल्टेज आणि उष्णता यांचं नातं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल, तर जुना प्रोसेसर हीच उत्तम शाळा आहे, आणि तिची फी कमी आहे.

हे पुस्तक म्हणून दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिलं आहे. एक, ज्याच्याकडे एकच मशीन आहे आणि ते बिघडवणं त्याला परवडणार नाही. दोन, डिप्लोमाची किंवा आयटीआयची मुलं, ज्यांनी हा गुणाकार पुस्तकात शिकला आहे पण थर्मामीटरवर पाहिलेला नाही. यात कुठेही ‘हे आकडे टाका आणि सेव्ह करा’ अशी तयार यादी नाही. एकाच दिवशी, एकाच कारखान्यात तयार झालेले दोन २५००के माझ्याकडे वेगवेगळे वागले आहेत. आकडा प्रत्येकाने आपल्या तुकड्याला विचारूनच काढायचा. विचारायचं कसं, उत्तर कसं वाचायचं आणि कुठे थांबायचं, हे सांगण्याचा मी प्रयत्न केला आहे.

काही गोष्टी मी जाणूनबुजून बाहेर ठेवल्या. लॅपटॉप यात नाहीत, कारण त्यांच्या पातळ अंगात उष्णतेला जायला जागाच नसते. त्यांचं व्होल्टेज उतरवणं हा स्वतंत्र विषय आहे, आणि २०१९ मध्ये त्या मार्गातली एक सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यापासून पुष्कळ लॅपटॉपवर तो मार्ग बंदही झाला आहे. एच६१ चिपसेटच्या बोर्डवाल्यांना मला स्पष्ट सांगावं लागतं की त्यांच्या बोर्डवर ओव्हरक्लॉकिंग होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये याच बोर्डांची संख्या सर्वात जास्त असते, त्यामुळे हे सांगताना जीव थोडा होतो. पण त्यांनी निराश होऊ नये. त्यांच्या मशीनमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल, तर एक साधी एसएसडी जो फरक पाडेल तो कुठल्याही गुणकाने पडणार नाही. हा सल्ला ज्यांच्याकडे मोकळा बोर्ड आहे त्यांनाही लागू आहे. एसएसडी आणि पुरेशी मेमरी आधी, ठोके नंतर. आणि हीटसिंक, एसएमपीएस, बोर्ड असं सगळंच घ्यावं लागणार असेल तर बेरीज करून पाहावी. तेवढ्या पैशांत दोन-तीन पिढ्या नवं वापरलेलं मशीन मिळत असेल तर तेच घ्यावं. या विषयावर पुस्तक लिहिणाऱ्याने हे सांगायला हवं.

विजेच्या बिलाचाही हिशेब यात धरला आहे. ६५ वॅट जास्तीचे, रोज चार तास, असे वर्षभर चालले तर जवळपास ९५ युनिट होतात. घरात ते बिल कोण भरतं याचा विचार करून मग किती वर जायचं ते ठरवावं.

वाचकाने एक वही मात्र घ्यावी. तारीख, खोलीचं तापमान, गुणक, व्होल्टेज, चाचणीचा वेळ, प्रत्येक कोअरचं सर्वोच्च तापमान आणि काय घडलं, एवढे रकाने पुरतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वहीशिवाय केलेलं ओव्हरक्लॉकिंग चार महिन्यांनी कुणालाच आठवत नाही, करणाऱ्यालाही नाही, आणि मशीन अडखळायला लागलं की शोध पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

सुरुवातीला सांगितलेला तो २५००के आता माझ्या टेबलावर नाही. पुतणीला बारावीनंतर चित्रांचं काम शिकायचं होतं, तिला ते मशीन दिलं. कॅबिनेटच्या पत्र्याला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे: गुणक ४२, १.२६ व्होल्ट, ११ मे, दुपारी ३ वाजता खोली ४० अंश, प्राइम९५ दहा तास, सर्वोच्च ७६, चूक नाही. पेस्ट बदलल्याची तारीख त्याखाली आहे, आणि त्याखाली पुढच्या नोंदींसाठी मोकळ्या ओळी सोडल्या आहेत. मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेलो तेव्हा पत्रा काढून पाहिला. त्यातल्या दोन ओळी तिच्या अक्षरात भरलेल्या होत्या.